मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब : बारा वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या फ्रीजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात, लोण्याच्या डबीशेजारी, पाच मिलिलिटरची एक छोटी पांढरी बाटली बारा वर्षे मुक्कामाला होती. बाटली अर्थातच दर वेळी तीच नसे, औषध मात्र तेच असे : मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, जिवाणू मारणाऱ्या प्रतिजैविकाचे डोळ्यांत घालायचे थेंब. पहिली बाटली २०१२ मध्ये आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणली होती. तिच्या डोळ्याचे काम झाल्यावर ती निम्मी उरली आणि त्या उरलेल्या निम्म्यापासून माझी आणि या औषधाची ओळख सुरू झाली. कोणत्या कंपनीची बाटली घ्यावी हे सांगण्यासाठी मी हे परीक्षण लिहिलेले नाही; बारा वर्षांत मी निदान चार कंपन्यांच्या बाटल्या वापरल्या असतील आणि त्यांत मला फरक जाणवला तो झाकणाचा. जे लिहितो आहे ते औषधाविषयी, आणि ते इतकी वर्षे ज्या पद्धतीने वापरले त्याविषयी.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. दिवसाचे सात-आठ तास बारीक टाइपाकडे पाहायचे, संध्याकाळी डोळे लाल व्हायचे, सकाळी पापण्यांच्या कडांना कोंड्यासारखी खपली धरलेली असायची. प्रत्येक लाल डोळ्याला मी थेंब घालत असे. दोन दिवसांत लाली जाई आणि थेंबांवरचा विश्वास वाढे. लाली एरवीही दोन दिवसांत गेलीच असती, ही शंका त्या काळात मनाला शिवली नाही. बाटली संपली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचे. तिथला मुलगा मला पाहताच विचारी, "काका, तेच पिवळे ना?" औषधाला फिकट पिवळा रंग असतो, म्हणून आमच्यात त्याचे नाव 'पिवळे' पडले होते. चिठ्ठी त्याने कधी मागितली नाही आणि मी कधी दाखवली नाही.

आधी वस्तू म्हणून बाटलीविषयी. पहिल्यांदा उघडताना झाकण घट्ट पिळले की त्याच्या आतला अणकुचीदार खिळा तोंडाला भोक पाडतो. कल्पना चांगली आहे, पण पिळण्याचा जोर चुकला तर भोक मोठे पडते आणि पुढे एका थेंबाऐवजी धार लागते. थेंब साधारण तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो आणि खालच्या पापणीच्या खोळीत त्यातला जेमतेम वीस-तीस मायक्रोलिटर मावतो. उरलेला गालावर ओघळतो किंवा अश्रूंच्या नळीतून नाकामागे उतरून घशात कडू लागतो. म्हणजे दोन थेंब घातल्याने दुप्पट औषध पोहोचत नाही, दुप्पट गाल मात्र ओला होतो. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरला तर कडवटपणाही टळतो आणि औषधही डोळ्यात टिकते. हे मला बाराव्या वर्षी कळले. चुरचुर जवळजवळ नाही, आणि या बाबतीत हे औषध मी नंतर घातलेल्या औषधाच्या शतपट सुखद आहे.

लेबलविषयी धंद्याच्या सवयीने दोन शब्द. बाटली उघडल्यानंतर महिन्याभरात संपवावी किंवा टाकून द्यावी, ही सर्वांत महत्त्वाची सूचना सर्वांत बारीक टाइपात, इंग्रजीत आणि बाटलीच्या गोलाईवर छापलेली असते. ज्याचा डोळा दुखतो आहे त्याने ती वाचावी अशी अपेक्षा असते. पण माझा खरा आक्षेप आकारमानावर आहे. डोळे साधे जिवाणूंमुळे आले असतील तर या औषधाचा नेहमीचा क्रम दिवसातून तीन वेळा एक थेंब, सात दिवस असा आहे. एका डोळ्याला एकवीस थेंब, दोन्हींना बेचाळीस. पाच मिलिलिटरमध्ये शंभराहून अधिक थेंब निघतात. औषध कितीही नेमाने घेतले तरी निम्म्याहून जास्त उरणारच, आणि मध्यमवर्गीय घरात उरलेले औषध टाकून दिले जात नाही, ते फ्रीजच्या दारात जाते.

औषध म्हणून मॉक्सिफ्लॉक्सासिन उत्तम आहे, हे निःसंदिग्धपणे नोंदवतो. प्रतिजैविकांच्या ज्या फ्लुओरोक्विनोलोन कुळातले ते आहे, त्याच्या डोळ्यांच्या थेंबांचा इतिहास म्हणजे एकामागून एक बोथट होणाऱ्या सुऱ्यांचा इतिहास आहे. अमेरिकेत सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब १९९० मध्ये मंजूर झाले, ऑफ्लॉक्सासिनचे १९९३ मध्ये, लिव्होफ्लॉक्सासिनचे २००० मध्ये, आणि गॅटिफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही जोडी २००३ मध्ये आली. जिवाणूला दुभंगून दोन व्हायचे असेल तर आधी स्वतःच्या डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी त्याच्याकडे डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज चार ही दोन विकरे (एन्झाइम) असतात, आणि हे कूळ त्या विकरांनाच जखडून टाकते. जुनी औषधे यांतल्या एकाच विकरावर जास्त भिस्त ठेवत, त्यामुळे त्या एका ठिकाणी जनुकात बदल झाला की जिवाणू बचावत असे. मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही विकरांना बऱ्यापैकी सारखेच धरते, म्हणून दोन्ही कुलपे बदलल्याखेरीज जिवाणूला सुटका नाही आणि प्रतिरोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याची ताकद, लवकर येणार नाही, असा त्या वेळचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. मात्र सिप्रोफ्लॉक्सासिनच्या तेरा वर्षांत अनेक जिवाणूंनी पहिले कुलूप आधीच बदलून ठेवले होते. नव्या औषधासमोर त्यांना दुसरेच तेवढे बदलायचे राहिले होते.

कोणतेही घरगुती उपकरण आपण नीट वापरले तर नीट चालते. शेजाऱ्याने त्याच्या मिक्सरमध्ये खडे दळले म्हणून आपल्या मिक्सरचे पाते झिजत नाही. प्रतिजैविकाचे तसे नसते. माझ्या बाटलीचा गुण माझ्या शेजाऱ्याच्या बाटलीवर, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांवर, आणि मुख्य म्हणजे मी स्वतः गेल्या पावसाळ्यात काय केले यावर अवलंबून असतो. बाटलीवरचे नाव तेच, टक्केवारी तीच, पिवळा रंगही तोच, आणि तरी २०१२ मध्ये मी घातलेला थेंब आणि २०२४ मध्ये घातलेला थेंब माझ्या डोळ्यापुरती एकच वस्तू नव्हती.

जुलै-ऑगस्ट २०२३ मधली डोळ्यांची साथ आठवत असेल. आळंदी परिसरातून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यभर लाखो लोकांचे डोळे आले. आमच्या इमारतीत सात घरांत काळे चष्मे होते आणि मी उदार मनाने 'पिवळे'ची शिफारस सगळ्यांना केली. ती साथ बहुतांशी विषाणूंची होती. विषाणूला ना गायरेज असते ना मॉक्सिफ्लॉक्सासिनचे भय. डोळे आठवडाभरात आपोआप बरे झाले आणि श्रेय बाटलीला मिळाले. त्या आठ दिवसांत आमच्या पापण्यांवर शांतपणे नांदणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंना मात्र दिवसातून चार वेळा या औषधाचा खुराक मिळत राहिला. जे मरण्याजोगे होते ते मेले, जे उरले ते टिकाऊ होते.

२०२४ च्या दिवाळीआधी माळ्यावरची जळमटे काढताना माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी गेले. चोळू नये हे माहीत असूनही चोळले. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, पाणी वाहते, आत खडा असल्याची भावना. फ्रीजच्या दारातली बाटली निघाली. ती केव्हा उघडली होती हे पत्नीलाही आठवेना. चार दिवस थेंब घातले. पाचव्या दिवशी सकाळी आरशात बुबुळावर ज्वारीच्या दाण्याहून लहान असा पांढरट ठिपका दिसला. खिडकीकडे पाहणे अशक्य झाले होते.

ज्या नेत्र रुग्णालयाच्या बुबुळ विभागात मी गेलो, तिथली खरवड तपासणी ही या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटलेली सेवा, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. आधी बधिरतेचा थेंब घालतात. मग रंगीत थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहतात. जखम हिरवी चमकते. नंतर स्लिट लॅम्पच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसवतात आणि बोथट पात्याने जखमेच्या कडा हलकेच खरवडतात. दुखत नाही, डोळ्यासमोर एक अंधुक धातूची सावली पुढे-मागे सरकते, एवढेच कळते. थोडी खरवड काचपट्ट्यांवर पसरली जाते : एक जिवाणू दिसावेत म्हणून ग्रॅमच्या रंगासाठी, एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाखाली बुरशी शोधण्यासाठी. आपल्याकडे ही दुसरी पट्टी फार महत्त्वाची, कारण भारतात, विशेषतः शेतात काडी-पाचट लागून झालेल्या जखमांत, बुरशी जिवाणूंच्या बरोबरीने आढळते आणि तिच्यावर कोणतेही मॉक्सिफ्लॉक्सासिन चालत नाही.

उरलेली खरवड जिवाणू वाढवण्याच्या अगरच्या (जेलीसारख्या थराच्या) बश्यांवर इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या ओळींत ओढली जाते. हे मी मुद्दाम विचारले, कारण अक्षर दिसले की मला राहवत नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितले, की वाढ त्या 'सी'च्या रेषेवर झाली तर ती डोळ्यातली. रेषेबाहेर कुठे ठिपका उगवला तर तो हवेतून पडलेला, तो मोजायचा नाही. माझ्या बाबतीत हा फरक निर्णायक होता. दोन दिवसांनी दोन वेगवेगळ्या बश्यांवर, नेमक्या रेषेवर, बारीक पांढऱ्या वसाहतींची ओळ उगवली होती : स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. हा प्रत्येकाच्या कातडीवर आणि पापण्यांवर राहणारा जिवाणू. एरवी तो नमुन्यात सापडला तर चुकून आलेला पाहुणा समजून सोडून देतात. इथे तो घरमालक झाला होता.

त्यानंतर संवेदनशीलतेचा, म्हणजे या जिवाणूवर कोणते औषध चालेल हे सांगणारा, कागद आला. मुद्रितशोधकाला तक्ता वाचायला वेळ लागत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर', ऑफ्लॉक्सासिनपुढे 'आर', मॉक्सिफ्लॉक्सासिनपुढे 'आर', म्हणजे प्रतिरोधी. मेथिसिलिन गटातही (पेनिसिलिनच्या नात्यातली औषधे) प्रतिरोधी, त्यामुळे सेफाझोलिन हे प्रतिजैविकही बाद. संवेदनक्षम, म्हणजे 'एस', म्हणून उरली ती व्हँकोमायसिन आणि, गंमत म्हणजे, क्लोरॅम्फेनिकॉल. लहानपणी आई ज्याच्या ॲप्लिकॅप टाचणीने टोचून आमच्या डोळ्यांत पिळत असे तेच. जे औषध जुने म्हणून आपण सोडून दिले, त्याच्याशी लढण्याचा सराव या जिवाणूलाही राहिला नसावा.

या कागदाविषयी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला एक मुद्दा औषधाच्या बाजूने नोंदवला पाहिजे. 'आर' आणि 'एस'च्या सीमारेषा प्रामुख्याने रक्तात औषध किती पोहोचते यावरून आखलेल्या असतात. थेंबाच्या बाटलीत दर मिलिलिटरला पाच हजार मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते थेट बुबुळावर पडते. त्यामुळे कागदावर प्रतिरोधी असलेला जिवाणूही कधी कधी थेंबांपुढे हार मानतो. म्हणून चांगले डॉक्टर कागद आणि डोळा दोन्ही पाहतात. माझ्या डोळ्याने चार दिवसांत, आणि निकाल येईपर्यंतच्या आणखी दोन दिवसांत ते औषध दर तासाला घालूनही, कागदाच्याच बाजूने मत दिले होते.

माझ्या सवयीनेच हा जिवाणू असा घडला, असे शपथेवर सांगता येणार नाही. प्रतिरोधी वाण बाहेरूनही पापण्यांवर येऊन वस्ती करतात. पण अमेरिकेत २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचल्यावर माझी स्वतःच्या बाजूने वकिली करण्याची हौस कमी झाली. पडद्याच्या आजारासाठी डोळ्यात वारंवार इंजेक्शन घ्यावे लागणाऱ्या रुग्णांना दर वेळी नंतर काही दिवस प्रतिजैविकाचे थेंब देत. संशोधकांनी एकाच माणसाच्या दोन डोळ्यांची तुलना केली : थेंब घातलेला आणि न घातलेला. फ्लुओरोक्विनोलोन घातलेल्या डोळ्यात त्याच कुळाला न जुमानणारे जिवाणू वाढलेले आढळले. नाक एक, हवा एक, उशी एक, फरक फक्त बाटलीचा. माझ्या घरात हा प्रयोग बारा वर्षे चालू होता.

एकूण चित्र किती व्यापक आहे? अमेरिकेतल्या 'आर्मर' या देखरेख प्रकल्पात २००९ ते २०१८ या काळातले डोळ्यांतले ६,०९१ जिवाणू तपासले गेले. त्यांतल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसपैकी सुमारे ३५ टक्के आणि माझ्या एपिडर्मिडिसच्या गटातल्यांपैकी सुमारे ४९ टक्के मेथिसिलिनला प्रतिरोधी होते, आणि असे जिवाणू बहुधा इतर अनेक औषधांनाही दाद देत नाहीत. त्याच अभ्यासात काही औषधांविरुद्धचा प्रतिरोध दहा वर्षांत किंचित उतरलेलाही दिसला, म्हणजे हा रस्ता एकाच दिशेचा नसावा. आपल्याकडचा मोठा आधार म्हणजे तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत प्रामुख्याने झालेली बुबुळाच्या व्रणांची चाचणी. पाचशे रुग्ण, सर्वांना मॉक्सिफ्लॉक्सासिन, आणि प्रश्न असा की त्याला स्टेरॉइडची जोड दिल्याने दृष्टी सुधारते का. २०१२ मधले उत्तर असे, की सरसकट फायदा नाही. त्याच चाचणीतून पुढे हेही दिसले, की ज्यांनी येण्यापूर्वीच या कुळातले थेंब घातले होते, त्यांच्या जिवाणूंना रोखायला प्रयोगशाळेत सुमारे दुप्पट औषध लागत होते. ही दोन्ही उत्तरे मेडिकलच्या काउंटरवर लावून ठेवण्यासारखी आहेत, कारण तिथे 'जरा स्ट्राँग' म्हणून जे दिले जाते ते अनेकदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, आणि बुरशी असेल तर ती तितक्याच झटकन पसरते.

माझ्यासाठी रुग्णालयाच्या औषधालयात व्हँकोमायसिनचे पाच टक्क्यांचे थेंब तयार करून दिले गेले. हे तयार बाटलीत मिळत नाही. इंजेक्शनची पूड विरघळवून बनवतात, थंड ठेवावे लागते आणि काही दिवसांनी नवे आणावे लागते. पहिले दोन दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा. पत्नीने आणि मी गजर वाटून घेतले होते. थेंब पडला की डोळ्यात मिरचीचा हात लागल्यासारखे होई, आणि ज्या 'पिवळ्या'ला मी सुखद म्हणून गौरवले ते मला दर तासाला आठवे. जखम भरायला पाच आठवडे लागले. बुबुळावर मध्यापासून थोडे बाजूला फिकट फूल राहिले आहे. वाचता येते, मात्र उजवा डोळा झाकला की अनुस्वार दोन दिसतात, म्हणून डाव्या डोळ्याच्या भरवशावर आता मी प्रुफे सोडत नाही.

या सेवेचा खर्च, बाटलीच्या तुलनेत, अर्थातच जास्त आणि प्रवास-रजा धरली तर बराच जास्त. खरवड तपासणीची सोय लहान गावांत नाही, ही त्या सेवेची सर्वांत मोठी उणीव. माझी एक तक्रार रुग्णालयाबद्दलही आहे : अहवाल मी मागितल्यावर दिला, आपणहून नाही. तो रुग्णाकडे असायलाच हवा. माझ्या पाकिटात आता त्याची घडी असते.

मेडिकलविषयीही लिहिले पाहिजे, कारण या औषधाचे खरे वितरण तिथूनच होते. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'शेड्यूल एच-१' यादीत आहे आणि त्या यादीतून डोळ्यांच्या थेंबांना सूट नाही. लेबलला लाल चौकट असते, चिठ्ठीशिवाय विक्री करता येत नाही, आणि दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. म्हणजे २०१४ नंतर घेतलेल्या माझ्या प्रत्येक बाटलीमागे त्या वहीत एक ओळ असायला हवी होती. असलीच तर माझ्यासाठी कोणत्या डॉक्टरचे नाव घातले असेल, याची मला उत्सुकता आहे.

तेव्हा औषधाला, डॉक्टरांनी तपासून दिले असेल तर, मी पाचपैकी चार तारे देतो. पाचवा आकारमान आणि लेबलमुळे गेला. फ्रीजच्या दारातून काढलेल्या बाटलीला एकही नाही. माझ्या संध्याकाळच्या लाल डोळ्यांचे मूळ पापण्यांच्या कडांच्या जुन्या सुजेत होते आणि त्यावर आता गरम पाण्याचा शेक आणि पापण्यांची स्वच्छता एवढाच उपचार चालू आहे. तो पिवळ्यापेक्षा बरा चालतो. मागच्या महिन्यात मेडिकलच्या मुलाने सवयीने हात खणाकडे नेला, तेव्हा त्याला कापूस मागितला. कंपन्यांना मात्र एक विनंती आहे : दोन मिलिलिटरची बाटली काढा, आणि तिच्या लेबलवर 'उघडल्याची तारीख' असे मराठीत छापून पुढे बॉलपेनने लिहिता येईल एवढी कोरी जागा सोडा. प्रूफ मी फुकट तपासून देईन.